धुराआधीचा लेप

एजवेअरच्या त्या रस्त्यावर धुकं असलं की बस आधी आवाजानं यायची. मग एक लालसर डाग दिसायचा, पाण्यात कुंकू विरघळावं तसा, आणि तो मोठा मोठा होत दुमजली होऊन समोर उभा राहायचा. मी हातातला दांडा वर करायची. दांड्याच्या टोकाला जेवणाच्या ताटापेक्षा मोठी गोल पाटी. तेवढ्यानं ती अख्खी बस थांबायची. बसच काय, मागच्या लॉऱ्या, टॅक्स्या, टाय लावलेले साहेब बसलेल्या मोटारी, सगळं थांबायचं. सातवीतून शाळा सोडलेली मी, आणि माझ्या हातासाठी लंडन थांबतंय. कितीतरी दिवस मला वाटायचं की हे झोपेत चाललंय, आता कुणीतरी हलवेल आणि म्हणेल, ऊठ गं, चुलीत लाकूड सरकव.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा, एवढंच माझं काम. सकाळी तासभर, दुपारी शाळा सुटताना तासभर. पांढरा लांब कोट, डोक्यावर टोपी आणि हातात तो दांडा. इथं त्या बाईला लॉलीपॉप लेडी म्हणतात, कारण ती पाटी काडीवरच्या चोखायच्या गोळीसारखी दिसते. ह्यांना बेकरीत काम होतं. लायब्ररीतली जाहिरात ह्यांनीच वाचली, फॉर्मही ह्यांनीच भरला. शिक्षणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघायला लागले. हे म्हणाले, "अगं, मुलांना रस्ता पार करायला शिकवायचंय, गणित नाही." कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बाईनं मुलाखतीत मला एवढंच विचारलं की पावसात याल का. मी म्हटलं, येस. ती हसली आणि मला कोट दिला. ते हसणं मी अजून विसरलेली नाही. ह्या देशात मला कुणी दिलेली ती पहिली वस्तू, आणि तीसुद्धा माझ्या मापाची.

पहिल्या आठवड्यातच मला ते काळं दिसलं. दुपारी घरी येऊन ओल्या कापसानं तोंड पुसलं तर कापूस करडा झाला. दुसरा घेतला, तोही करडा. नाकाच्या कडेला पुसलं तर अगदी काळा. नाक शिंकरलं तर रुमालावर काळं. कोटाची पांढरी कॉलर संध्याकाळपर्यंत अशी व्हायची, जशी कुणी पेन्सिल घासलीय. तेव्हा पेट्रोलात शिसं असायचं, बसेस आणि लॉऱ्या डिझेलचा ढग सोडायच्या, आणि सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या धुराच्या नळ्या बरोबर माझ्या अंगावर. मीच त्यांना थांबवायची आणि मीच त्यांचा धूर खायची.

दुसरं कुणी असतं तर साबण लावून मोकळं झालं असतं. पण मला काळ्या डागाची भीती आहे, आणि ती जुनी आहे. आमच्या गावाकडे माझी आई बोर्डिंगातल्या मुलांचा स्वयंपाक करायची. पन्नास-साठ मुलांचं जेवण, लाकडाच्या चुली, आणि माणूस बसेल एवढी पातेली. ती घासायचं काम माझं. बोटांच्या रेघांत, नखांच्या कडेला काजळी बसायची ती निघायचीच नाही. शाळेत नखं तपासताना बाईंनी माझे हात उलटसुलट केले आणि म्हणाल्या, जा, धुऊन ये. मी धुऊन आले. पुन्हा म्हणाल्या, जा. तिसऱ्यांदा मी हौदापाशी गेले ती परत वर्गात गेलेच नाही. काही दिवसांनी आईनंही फार आग्रह केला नाही. तिला हात हवेच होते.

तर तो करडा कापूस पाहून मी पुन्हा हौदापाशी जाऊन उभी राहिले, असं म्हणा. आधी साबण. मग दुकानातून मसूर आणून जाडसर दळली आणि त्या पिठानं घासलं. मग लिंबू. मग गावाहून आणलेली टाचा घासायची वज्री होती, तिची मऊ बाजू. सकाळी जाताना आणि दुपारी आल्यावर. चेहरा बोटाखाली करकर वाजला पाहिजे, घासलेला तांब्या वाजतो तसा, तेव्हा मला शांत वाटायचं. इथले बाथरूममधले नळ दोन, एक कढत आणि एक बर्फ, मधलं काही नाही. मी कढत लावायची. वाफेनं आरसा पुसून जायचा आणि त्या वाफेत मला बरं वाटायचं. मी दिसत नसायची ना.

हे म्हणाले, "कितीही घासलंस तरी इंग्रजीण होणार नाहीस."

मी म्हटलं, "इंग्रजीण नाही व्हायचं मला. स्वच्छ व्हायचंय."

"अगं, तू स्वच्छच आहेस. मला बेकरीत पीठ लागतं, तुला रस्त्यावर धूर लागतो. माझं पीठ तू कधी वज्रीनं काढलंस?"

मी हसले, पण दार लावून घेतलं.

जानेवारीत माझे दोन्ही गाल सोलपटले. आधी लाल झाले, मग कोंडा धरला, मग चिरा पडल्या. थंड वाऱ्यात उभं राहिलं की कुणी मिठाचा हात फिरवतंय असं वाटायचं. एका गालावर ओली जखम झाली आणि तिच्यावर पिवळी खपली धरायला लागली. मी मफलर डोळ्यांखालपर्यंत ओढून उभी राहायची.

त्या शाळेत आपली एक मराठी मुलगी होती, इथंच वाढलेली, सहा-सात वर्षांची. रोज माझा हात धरून रस्ता ओलांडायची, खरं म्हणजे हात धरायची गरज नसताना. एक दिवस मफलर सरकला तेव्हा ती मान वर करून म्हणाली, "मावशी, तुझा तोंड दुखतो?"

"नाही गं, थंडी आहे ना."

"मग रक्त का आलाय?"

मागून तिची आई आली. हॅरोला कुठल्याशा ऑफिसात जायची, नेहमी घाईत असायची. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मुलीचा हात माझ्या हातातून सोडवून घेतला आणि हळूच म्हणाली, "हात नको धरूस हं मावशीचा." मुलीला वाटलं आपलं काही चुकलं. ती खाली मान घालून पांढऱ्या पट्ट्यांवरून चालत गेली, एकेक पट्टी मोजत. मी दांडा धरून उभीच राहिले. बसवाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा बाजूला झाले. त्या आईचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पण आपल्या भाषेत ऐकलं की जास्त लागतं.

त्याच आठवड्यात कौन्सिलची बाई आली. कोट देणारी तीच. फार मऊ आवाजात तिनं सांगितलं, एका-दोघा पालकांनी विचारणा केली आहे. दोन आठवड्यांत डॉक्टरचं पत्र आणा की हे दुसऱ्याला लागणारं नाही. तोवर काम करा, पण मुलांना हात लावू नका. पत्र नाही आलं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल. शेवटचं वाक्य बोलताना ती माझ्याकडे न बघता कोटाकडे बघत होती.

कोट गेला तर काय गेलं, असं कुणी म्हणेल. आमचं चाललं असतं, बेकरी होती. पण त्या रस्त्याच्या मधोमध उभं राहिल्यावरच मी ह्या देशात कुणीतरी होते. घरात मी ह्यांची बायको, दुकानात बोट दाखवून भाजी घेणारी बाई. तिथं मात्र मुलं मला नावानं हाक मारायची, चुकीच्या उच्चारानं का होईना. तेवढी एकच जागा मी माझी म्हणून मिळवली होती, आणि तीच माझ्या हातानं मी घासून काढत होते. हे मला त्या वेळी कळत नव्हतं. मला वाटत होतं की मी पुरेसं घासत नाही.

हॅरोला आपल्या एक डॉक्टरीणबाई होत्या, पुण्याच्या. मी बसनं गेले. त्यांनी दिव्याखाली माझा चेहरा धरला, बोट न लावता पाहिला आणि विचारलं, "कशानं धुता?"

मी सगळं सांगितलं. साबण, मसूर, लिंबू. वज्रीपाशी जरा अडखळले, पण तेही सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "अहो, चेहरा आहे की पातेलं?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडू आलं. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे केला आणि लगेच म्हणाल्या, "टिपा. पुसू नका, टिपा."

पत्राचं विचारलं तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. जखम ओली आहे, खपली पिवळी आहे. ओलं असेपर्यंत हे दुसऱ्याला लागणारं नाही असं मी लिहू शकत नाही. त्यांनी ओल्या जागेसाठी एक छोटं मलम दिलं आणि बाकी तोंडासाठी एक मोठा डबा. त्यात पांढरं, बिनवासाचं, घट्ट मलम. साबण बंद. हेच थोडं चोळायचं, कोमट पाण्यानं धुवायचं, आणि झोपताना पुन्हा पातळ लावायचं. "कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीला असतं तसं. आणि घासायचं नाही. अजिबात. पुढच्या शुक्रवारच्या पुढचा शुक्रवार, तेव्हा या."

मी तीन दिवस त्यांच्या शब्दाबाहेर गेले नाही. स्टीलच्या तांब्यात दोन्ही नळांचं पाणी मिसळायची, कोपर बुडवून बघायची. कढताशिवाय तोंड धुणं मला परकं वाटायचं, दुसऱ्या कुणाचं तोंड धुतल्यासारखं. चौथ्या दिवशी रस्त्याचं काम चालू होतं, डांबराची कढई धूर ओकत होती, गाड्या तासभर तुंबलेल्या. घरी येऊन कापूस फिरवला तर तो असा काळा, की मला बोर्डिंगाचा वास आला. खरंच आला. मग माझा हात माझ्या ताब्यात राहिला नाही. मी फडक्यानं एक गाल घासला. फार नाही. पण सुकत आलेली जागा पुन्हा फुटली.

मी बाथटबच्या काठावर बसून राहिले. दुपार होती. खिडकीची काच दुधासारखी होती, तिच्यातून नुसता उजेड यायचा, बाहेरचं काही दिसायचं नाही. नळ थेंब थेंब गळत होता. मला वाटलं, आता झालं. दहा दिवस उरलेत आणि मी पुन्हा पहिल्या पायरीवर. डॉक्टरीणबाईंचं वाक्य डोक्यात फिरत होतं. चेहरा आहे की पातेलं. चेहरा आहे की पातेलं. झोप लागते न लागते असं काहीतरी झालं, आणि मला आमच्या त्या मोठ्या पातेल्याचं बूड दिसलं.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. एक दिवस विटेच्या चुऱ्यानं मी ते बूड घासत होते, सकाळपासून दुपारपर्यंत, आणि काजळी हलत नव्हती. आई आली, तिनं पातेलं उलटं करून बघितलं आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. "लेप द्यायला विसरलीस ना?"

मी म्हटलं, "घासते ना पण."

"काय घासतेस? काजळी तिथंच आहे, भांडं झिजतंय."

पातेलं चुलीवर चढवायच्या आधी त्याला बाहेरून ओल्या राखेचा लेप द्यायचा, ही आमच्याकडची रोजची रीत. राख पाण्यात कालवायची आणि हातानं बुडाला फासायची. जाळ लागला की काजळी लेपावर बसते. मग संध्याकाळी नुसतं पाणी ओतलं, हात फिरवला की लेप सुटतो आणि काजळीही त्याच्याबरोबर जाते. खाली भांडं तसंच्या तसं. ज्या दिवशी विसरलं, त्या दिवशी मरण. हे मला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं माझ्या हातांनी केलं होतं. आणि इथं येऊन मी रोज लेपाशिवाय चुलीवर चढत होते आणि नंतर विटेचा चुरा घेऊन बसत होते.

डॉक्टरीणबाईंनी मलम धुताना आणि झोपताना सांगितलं होतं. घराबाहेर पडताना सांगितलं नव्हतं. न सांगितलेलं करावं का, ह्या विचारानं मी रात्रभर कूस बदलत होते. शिकलेल्या माणसानं सांगितलेल्यात आपली अक्कल घालायची माझी छाती नव्हती. पण सकाळी डबा उघडला. ओल्या जागेवर छोटं मलम, आणि बाकी सगळ्या तोंडावर ते पांढरं, बोटांनी हळूहळू, कपाळ, नाकाच्या कडा, हनुवटीखाली, कानाच्या पाळ्या. जरा जाडच. राखेचा लेप देताना आई म्हणायची, कडा सोडू नकोस, जाळ कडेनं चढतो.

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "हे काय? लोणी फासलंस?"

"लेप आहे."

"चुलीवर चाललीस का?"

"हो," मी म्हटलं. ह्यांना काही कळलं नाही, पण माझा मफलर ह्यांनीच नीट केला, मलमाला लागणार नाही असा सैल.

दारात दुधाची बाटली होती. तिच्या चंदेरी झाकणाला भोक पाडून एक निळा छोटा पक्षी वरची साय खात होता. मला पाहून तो उडाला नाही. मला उगीचच वाटलं, बरं होणार.

त्या दिवशी बारीक पाऊस होता. थेंब गालावर पडायचे आणि आत न शिरता घरंगळून जायचे, अळूच्या पानावरून जातात तसे. वारा यायचा पण मिठासारखा लागायचा नाही. बसेस येत होत्या, थांबत होत्या, धूर सोडत होत्या, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की तो धूर माझ्यापर्यंत येतोय, माझ्यात येत नाही. दुपारी घरी आले. आणखी थोडं मलम बोटावर घेऊन जुन्यावर फिरवलं, कोमट पाण्यात भिजवलेला कापूस नुसता टेकवत टेकवत नेला. लेप सुटला. कापूस काळा झाला, पण खालून माझा चेहरा आला, तापलेला नाही, सोललेला नाही. दुसऱ्या कापसाला जवळजवळ काहीच लागलं नाही. मी बराच वेळ तो कापूस हातात धरून बसले. घासायला काही उरलंच नव्हतं.

असे नऊ दिवस. सकाळी लेप, दुपारी सोडवायचा, झोपताना पातळ हात. खपली सुकली, मग एके दिवशी टॉवेलला लागून आपोआप पडली. मुलं लांबून बाय करायची. ती छोटी मुलगी मात्र आईच्या पलीकडच्या हाताला असायची, आणि चालताना वळून वळून माझ्याकडे बघायची.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी दिवा लावला. बराच वेळ पाहिलं. त्या म्हणाल्या, "छान. अपेक्षेपेक्षा लवकर. सांगितलं तसंच केलंत ना?"

मला हो म्हणता आलं असतं. पत्राचा कागद टेबलावर होताच. पण माझ्याच्यानं राहवलं नाही. "नाही. म्हणजे एकदा घासलं. आणि मग बाहेर जाताना पण लावलं. जाड. तुम्ही सांगितलं नव्हतं, माझंच डोकं." आणि मग मी पातेल्याचं सगळं सांगत सुटले. राख, लेप, आईची टपली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "थांबा, थांबा. भांड्याला बाहेरून? आणि मग नुसत्या पाण्यानं निघतं?"

"हो. तुम्ही नाही पाहिलंत?"

"आमच्याकडे गॅस होता हो," त्या म्हणाल्या, जरा ओशाळल्यासारख्या. मग हसल्या. "मीच सांगायला हवं होतं हे. सकाळ-दुपार मिळून रस्त्यावर दोन तास उभी राहणारी बाई, आणि मी तिला झोपताना लावायला सांगते." त्यांनी पत्र लिहिलं. मला ते वाचता आलं, सगळं नाही, पण 'नॉट' आणि 'इन्फेक्शस' हे दोन शब्द मी ओळखले. त्यांची मी तिथंच दोनदा खात्री करून घेतली.

सोमवारी कौन्सिलच्या बाईनं पत्र वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि माझ्या कोटाचं सुटलेलं बटण लावून दिलं. मी थँक यू म्हटलं, तेही दोनदा.

त्या मुलीच्या आईला मी स्वतःहून काही सांगायला गेले नाही. आठवडाभरानं तीच थांबली. मुलीचे गाल थंडीनं फुटले होते. "काय लावता हो तुम्ही तोंडाला?" विचारताना तिचा चेहरा पडलेला होता. मी तिला मलमाचं सांगितलं, आणि डॉक्टरांना एकदा विचारून घ्या म्हटलं. मग मुलीला पातेल्याची गोष्ट सांगितली, गाड्या थांबवून ठेवता येतील तेवढ्या वेळात जेवढी सांगता येते तेवढी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दाट धुकं. आधी आवाज, मग लाल डाग, मग बस. मी दांडा वर केला. धुक्यातून एक चकचकीत, तुपात बुडवल्यासारखा छोटा चेहरा आला, आणि लोकरीच्या हातमोज्यातला हात माझ्या हातात शिरला.

"मावशी," ती म्हणाली, "मी पण पातेली."

सगळं लंडन थांबलं होतं. आम्ही दोघी सावकाश, एकेक पांढरी पट्टी करत, पलीकडे गेलो.